आक्काबाई, मुंजाबा आणि सगळी मेंढरं

आक्काबाई मेंढरांमागं चालायची तेव्हा तिच्या खांद्यावर घोंगडं आणि गळ्यात रेडिओ असायचा. रेडिओला तिनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती आणि आवाज बाहेर यावा म्हणून पिशवीला पुढून खिडकी ठेवली होती. हा रेडिओ कन्नडच्या बाजारपेठेतल्या रामकिसनच्या दुकानातला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं ते परत न्यायला आलंच नाही, म्हणून रामकिसननं तो तिला एका घोंगड्याच्या बदल्यात दिला. तेव्हा तिचा नवरा मुंजाबा म्हणाला होता, "मेंढरं बुजतील." मेंढरं बुजली नाहीत. उलट रेडिओ सुरू असला की तिच्या आसपास चरायची आणि सेल उतरले की पांगायची. निदान आक्काबाईचं म्हणणं तसं होतं. मुंजाबा त्यावर काही बोलायचा नाही. तो एकंदरीतच कमी बोलायचा.

दुपारी रेडिओवर फर्माइशी गाणी लागायची. गाण्याआधी एक ताई ते गाणं मागणाऱ्यांची नावं वाचायची. गावाचं नाव, मग माणसांची नावं. आक्काबाईला गाण्यांपेक्षा ही नावं आवडायची. सेलूहून बद्रीनाथ. पाचोडहून कडूबा आणि मित्रमंडळ. उमरग्याहून चतुराबाई. ही गावं तिनं पाहिली नव्हती. माळावर उन्हात उभं राहून ऐकताना वाटायचं, कुणीतरी लांबून एकेकाला हाक मारतंय आणि सगळे आपापल्या जागी मान वर करतायत.

एकदा बाजाराच्या दिवशी तिनं रामकिसनला म्हटलं, "माझ्यासाठी बी एक कार्ड धाड की."

"नावं कुणाकुणाची घालू, मावशी?"

"माझं घाल. ह्यांचं घाल." नवऱ्याचं नाव तिनं तोंडानं घेतलं नाही, रामकिसनला ते माहीतच होतं.

"आणखी?"

आक्काबाईनं विचार केला. ऐकणारं आणखी कोण होतं? पोरगी लग्न होऊन गेली होती. "आन सगळी मेंढरं," ती म्हणाली.

रामकिसन हसला आणि त्यानं तसंच लिहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी, गौताळ्याच्या उतारावर मेंढरं चरत असताना, ताईचा आवाज आला, "कन्नडहून आक्काबाई, मुंजाबा..." आवाज क्षणभर थांबला, त्यात हसू आलं, "...आणि सगळी मेंढरं."

आक्काबाई होती तिथं खाली बसली. तिनं मेंढरांकडं पाहिलं. ती चरत होती, त्यांना त्याचं काही नव्हतं. मुंजाबा लांब होता. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, पण पुढच्या बाजारी जाऊन रामकिसनला दुसरं कार्ड टाकायला लावलं. मग हे वर्षानुवर्षं चालू राहिलं.

एकोणीसशे शहाऐंशी साली दिवाळीच्या सुमाराला ती सेल घ्यायला दुकानी गेली, तर रामकिसन हातातलं काम टाकून उठला.

"मावशी, औरंगाबादला श्रोत्यांचा मेळा भरणार हाय. आमखास मैदानावर. संक्रांतीनंतरच्या रविवारी."

"कुणाचा मेळा?"

"रेडिओ ऐकणाऱ्यांचा. आपल्यासारख्यांचा. गारखेड्याचे काकासाहेब म्हणून हायेत, त्यांच्या संघानं भरवलाय. मराठवाड्यातून येणार, खानदेशातून येणार, वऱ्हाडातून येणार."

"देव कोणता हाय?"

"देव नाय, मावशी."

"देव नाय तर मंग माणसं कशाला येतील एवढी?"

रामकिसननं डोकं खाजवलं. "एकमेकांना बघायला," तो म्हणाला.

आक्काबाईनं हातातले सेल दुकानाच्या फळीवर ठेवले. "सेलूचे बद्रीनाथ बी येतील?"

"येतीलच की."

"आन उमरग्याची चतुराबाई?"

"त्या बी. आन ताई येणार हायेत. आवाजवाल्या ताई."

त्या नावांना तोंडं असतील, हात-पाय असतील, ती माणसं कुठल्यातरी घरात भाकरी खात असतील, हे आक्काबाईच्या मनात आजवर कधी आलंच नव्हतं. वाटेनं परत येताना ती नेहमीपेक्षा हळू चालली.

अडचण साधी होती आणि मोठी होती. दिवाळी झाली की दरसाल मुंजाबा आणि ती मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरायचे. बरोबर मुंजाबाची बहीण बानाबाई आणि तिचा नवरा भिकन यांची मेंढरं असायची. खाली खानदेशात रिकाम्या झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, शेतकरी धान्य द्यायचा. संक्रांतीला ते गिरणेच्या काठी कुठंतरी असायचे. तिथून औरंगाबादला जायचं म्हणजे जाऊन-येऊन दोन-चार दिवस मोडणार. दोन्ही बिऱ्हाडांची एवढी मेंढरं एक माणूस कमी ठेवून तेवढे दिवस सांभाळायची म्हटलं तर लांडग्याला आवतण दिल्यासारखं होतं.

रात्रीच्या भाकरीनंतर बोलायचं तर मुंजाबा आडवा झालेला असायचा, म्हणून तिनं सकाळीच, मेंढरं वाघरीतून बाहेर काढताना विषय काढला. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. त्याचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं त्याच्या.

"अवं, यंदा घाट नाय उतरला तर?"

"मंग कुठं जायचं?"

"उलटं. हतनूरला बाजरीची रानं मोकळी झाली असतील. म्होरं वेरूळ. मंग खुलताबादच्या डोंगराला गवत हाय. तिथून दौलताबादच्या खाली उतरायचं, आन संक्रांतीच्या टायमाला पडेगावच्या माळावर."

मुंजाबानं जाळं गुंडाळत तिच्याकडं पाहिलं. "पडेगाव म्हंजी औरंगाबादच आलं की."

"व्हय."

"तिथं काय हाय?"

तिनं मेळ्याचं सांगितलं. मुंजाबानं सगळं ऐकून घेतलं.

"मेंढरं चाराय न्यायची का मेळा दावाय?"

"मेंढरं तुमच्यापाशी राहतील. मी सकाळी जाईन, सांजच्याला माघारी येईन. एका दिसाचा तर सवाल हाय."

"तिकडं पाणी नाय."

"हाय. दौलताबादच्या बाजूला परतीचा पाऊस चांगला झाला यंदा."

"तुला कोण म्हणलं?"

"रेडिओ म्हणला."

यावर मुंजाबानं नुसतं "हं" केलं आणि कुत्र्याला शीळ घातली. पुढचे काही दिवस त्यानं ना हो म्हटलं ना नाही. आक्काबाईनंही पुन्हा विचारलं नाही. भिकन आणि बानाबाई आले, घोडीवर सामान चढलं, दोन्हीकडची मेंढरं रस्त्याला लागली. घाटाच्या तोंडाशी भिकनची घोडी खाली उतरायला लागली. आक्काबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि तीही निघाली. आता मेळ्याचा विषय मनातून काढायचा असं तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात मुंजाबानं आपली घोडी थांबवली आणि तिचं तोंड फिरवलं.

"भिकन, तुम्ही व्हा म्होरं," तो ओरडून म्हणाला. "आमी यंदा वेरूळच्या अंगाला जातो."

"का रं?" भिकननं खालून विचारलं.

"तिकडं पाऊस चांगला झालाय."

बानाबाईनं वळून आक्काबाईकडं पाहिलं. आजवर ही दोन बिऱ्हाडं कधी वेगळी चालली नव्हती. एकटं चालायचं म्हणजे राखणीला माणसं निम्मी आणि कुत्रीही निम्मी. हे मुंजाबाला तिच्याहून जास्त माहीत होतं.

वाट सोपी नव्हती. नेहमीच्या रस्त्यावरचे शेतकरी ओळखीचे होते, इथं प्रत्येक बांधावर नव्यानं विचारावं लागायचं. हतनूरला एकानं मेंढरं बसवून घेतली, पुढच्यानं हाकलून लावलं. वेरूळच्या पुढं एक मेंढी अडली. आक्काबाईनं तिचं कोकरू हातानं सोडवलं आणि ते ओलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून घोडीवर ठेवलं. खुलताबादच्या डोंगरावर थंडी अशी होती की सकाळी लोकरीवर दहिवर पांढरं दिसायचं. दुपारी ती रेडिओ लावायची. पण सेल मेळ्यापर्यंत पुरले पाहिजेत म्हणून फक्त नावं ऐकायची आणि गाणं लागलं की बंद करायची. उतरलेले सेल ती दगडावर उन्हात तापवून पुन्हा घालायची.

एक दिवस नावांच्या आधी ताईनं मेळ्याची खबर दिली. रविवार जवळ आला होता.

तेव्हा ते दौलताबादच्या खाली होते. तिथल्या आप्पासाहेब नावाच्या बागायतदारानं मुंजाबाला आग्रह धरला, "माझी सगळी रानं मोकळी हायेत. पंधरवडाभर ऱ्हावा. जवारी देतो, पाणी हाय, मेंढरांना काय कमी पडणार नाय."

इतकं चांगलं रान साऱ्या वाटेवर मिळालं नव्हतं. विहीर भरलेली होती, बांधावर गवत गुडघ्याइतकं होतं. आक्काबाई मान खाली घालून चुलीतला जाळ सारत होती. आता मुंजाबा हो म्हणणार, आणि त्याला चूक म्हणायला तिच्याकडं काही नव्हतं.

"नाय जमायचं, मालक," मुंजाबा म्हणाला. "इथं चारा नाय."

आप्पासाहेबांनी चहूकडं पाहिलं, मग मुंजाबाकडं पाहिलं, आणि ते बुचकळ्यात पडून निघून गेले. मुंजाबानं आक्काबाईकडं पाहिलंच नाही. तो घोडीची गाठ घट्ट करत राहिला.

पडेगावच्या माळावर पोचल्यावर तिनं ओढ्यावर जाऊन आपलं हिरवं लुगडं दोनदा धुतलं. तरी त्याला मेंढरांचा वास येतोच, असं तिला वाटत राहिलं. जत्रेला रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून तिनं वाटेनं चालता चालता कातलेल्या लोकरीचं, बसायला अंथरायचं एक बसकर विणलं होतं. ते कुणाला द्यायचं हे तिचं तिला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणं रामकिसन पहिल्या एसटीनं आला. दोघं माळ उतरून रस्त्याला लागले. मुंजाबानं एवढंच म्हटलं, "दिवस बुडायच्या आत ये."

औरंगाबादच्या छावणीजवळ एक रिक्षा त्यांच्या शेजारी येऊन थांबली. "किधर जाना है, अम्मा?"

"रेडिओवाल्यांच्या मेळ्याला," रामकिसन म्हणाला.

"बैठो, बैठो. मेरे कू भी उधरिच जाना है." रिक्षावाल्याच्या खिशाला मेळ्याच्या स्वयंसेवकाचा कापडी बिल्ला लावलेला होता. रिक्षा थोडी पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "कौन गाँव के?"

"कन्नडचे. ह्या आक्काबाई."

रिक्षा भर रस्त्यात थांबली. मागच्या सायकलवाल्यानं शिवी दिली. रिक्षावाला पूर्ण वळून बसला. "वो आक्काबाई? सगळी मेंढरंवाली?"

आक्काबाईनं पदर तोंडाला लावला. या माणसाला आपण कधी पाहिलं होतं का, हे ती आठवू लागली.

"हमारे घर में रोज पूछते," तो म्हणाला, "आज मेंढरं आयी क्या." मग भडकल दरवाजा येईपर्यंत तो आरशातून तिच्याकडं बघत राहिला.

आमखास मैदान दिसण्याआधी ऐकू आलं. आधी तिला वाटलं, मांडवात मोठा कर्णा लावलाय. जवळ गेल्यावर कळलं की कर्णा नव्हता. फाटकापासून आतपर्यंत माणसंच माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात, काखेत, खांद्यावर, डोक्यावर रेडिओ होता. चामड्याच्या पिशवीतले छोटे, लाकडी पेटीतले मोठे, एक तर बैलगाडीत ठेवून आणलेला. सगळ्यांवर एकच केंद्र लागलेलं होतं. एकच गाणं शेकडो रेडिओंतून एकदम येत होतं, पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखं. आक्काबाईनं आपल्या गळ्यातल्या रेडिओचं बटण फिरवलं. तिचाही त्यात मिसळला आणि तिला तो वेगळा ऐकूच येईना.

ती फाटकातच उभी राहिली. मागून माणसं येत होती, तिला वळसा घालून आत जात होती.

"चला की मावशी," रामकिसन म्हणाला.

मेंढरांचा केवढाही कळप असो, एका नजरेत किती आहेत हे तिला सांगता यायचं. इथं तिनं नजर टाकली आणि ती नजर परतच आली नाही.

टेबलापाशी प्रत्येकाला नावाचा आणि गावाचा बिल्ला मिळत होता. तो छातीला लावून लोक एकमेकांच्या छातीकडं बघत फिरत होते आणि मध्येच कुणीतरी किंचाळल्यासारखं ओरडायचं. "परतूरचे कारभारी? तुम्ही?" दोन म्हातारे गळ्यात पडायचे. आजवर कधी न भेटलेली माणसं एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करत होती. आक्काबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून रामकिसन तिला कानात सांगत होता. "हे बद्रीनाथ, सेलूचे." काळ्या टोपीतला, बारीक, दात नसलेला माणूस. तिनं त्याला पैलवान समजून ठेवलं होतं. "हे पाचोडचे कडूबा." मित्रमंडळही मागं उभं होतं. तिनं सगळ्यांना हात जोडले. मग तिचा बिल्ला कुणीतरी वाचला.

आधी एक बाई थांबली. मग तिच्या शेजारची. मग गर्दीत एक वाट तयार झाली, आणि त्या वाटेनं तिचं नाव तिच्याआधी पुढं गेलं. "आक्काबाई आल्यात. कन्नडच्या." "कुठंयत?" "मेंढरं आणली का?" लोक ढकलत नव्हते. थोडं अंतर ठेवून उभे राहत होते, हसत होते आणि बघत होते.

एक लठ्ठ, गोरी, चष्मा लावलेली बाई पुढं आली आणि तिनं आक्काबाईचे दोन्ही हात धरले. "मी चतुराबाई. उमरग्याची."

"अगं बया," आक्काबाई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"आमचे मालक दोन वर्षं अंथरुणावर होते," चतुराबाई म्हणाल्या. "दुपार झाली की विचारायचे, मेंढरं निघाली का गं? तुमचं नाव आलं की म्हणायचे, आज घाटात असतील, आज नदीवर असतील. गेले त्याच्या आदल्या दिवशी सुद्धा विचारलं." त्यांनी हात सोडले नाहीत. "मला तुम्हाला एकदा बघायचंच होतं."

आक्काबाई त्या हातांकडं बघत राहिली. आपण उन्हात उभं राहून ऐकत होतो तेव्हा उमरग्यात एका खोलीत पडल्या पडल्या एक माणूस आपल्या मेंढरांमागं चालत होता. केवढं मोठं होतं हे! ते मनात मावेना.

थोड्या वेळानं काकासाहेबांनी तिला मांडवातल्या मंचावर बोलावलं. गांधी टोपीतला, घामानं भिजलेला, आनंदी माणूस. त्यांनी तिच्यापुढं माईक धरला. "दोन शब्द बोला, आक्काबाई."

ती माईककडं बघत राहिली. समोर डोकी होती, थेट पार मैदानाच्या कडेपर्यंत, आणि सगळी गप्प झाली होती. तिच्यासाठी गप्प झाली होती. तिनं हात जोडले, पुन्हा जोडले, आणि खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण तिचे कान गरम झाले होते. इतक्या लांब मेंढरं हाकत आले, नवऱ्याला बहिणीपासून तोडलं, आणि इथं येऊन मुकी झाले, असं तिला वाटलं.

ती मांडवाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि ओंजळीनं पाणी पिऊ लागली.

मागून कुणीतरी म्हणालं, "जरा सरकता का, बाई?"

आक्काबाईची ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांतून गळून गेलं. तो आवाज तिनं पावसात ऐकला होता, घाटात ऐकला होता, मेंढी वीत असताना ऐकला होता. ती हळूच वळली. समोर एक ठेंगणी, सावळी बाई हातात स्टीलचा पेला घेऊन उभी होती. नाक सर्दीनं लाल झालेलं, चपलेचा अंगठा तुटलेला. एवढ्याशा अंगात तो आवाज राहत होता.

"ताई," आक्काबाई म्हणाली.

"तुम्ही ओळखलंत? सकाळपासून कुणी ओळखलं नाही, म्हणून जरा मोकळी फिरत होते." ताईंनी नाक पुसलं आणि मग बिल्ला वाचला. पेला त्यांनी टाकीच्या कठड्यावर ठेवून दिला. "आक्काबाई."

त्यांनी नाव तसंच घेतलं, रेडिओवर घ्यायच्या तसंच. आक्काबाईनं बसकर पुढं केलं. ताईंनी ते गालाला लावलं.

"मेंढराचा वास येतो त्याला," आक्काबाई ओशाळून म्हणाली.

"सर्दी झालीय, नाहीतर मीही तो वास घेतला असता," ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ती कुठं असतात आता? तुमची सगळी मेंढरं?"

"पडेगावच्या माळावर. हितनं जवळच."

"आत्ता?"

"व्हय. ह्यांच्यापाशी."

"इतकी वर्षं मी त्यांचं नाव घेतेय," ताई म्हणाल्या. "मला दाखवाल?"

ही गोष्ट काकासाहेबांच्या कानावर गेली आणि तिथून मांडवात गेली. सगळं मैदान काही उठलं नाही, पण एक टेंपो, बऱ्याच रिक्षा, त्यातली पहिली सकाळचीच, आणि कितीतरी सायकली अशी वरात छावणीच्या रस्त्यानं निघाली. चतुराबाई टेंपोत पुढं बसल्या. बद्रीनाथ कडूबाच्या सायकलीवर मागं बसले.

माळावर ऊन तिरपं झालं होतं. मुंजाबानं लांबून एवढी माणसं चढून येताना पाहिली आणि त्याला वाटलं, रानवाले हाकलायला आले. त्यानं काठी उचलली, कुत्र्यांना जवळ घेतलं आणि मेंढरांच्या पुढं जाऊन उभा राहिला. मग गर्दीत हिरवं लुगडं दिसलं, तरी त्यानं काठी खाली केली नाही.

बद्रीनाथ धापा टाकत सगळ्यांच्या आधी त्याच्यापर्यंत पोचले. "मुंजाबा तुम्हीच का?"

"व्हय. का?"

"दर्शन झालं," म्हणून त्या म्हाताऱ्यानं त्याला वाकून नमस्कार केला.

मुंजाबा मागं सरकला. त्यानं आक्काबाईकडं पाहिलं. माणसं येत होती आणि मेंढरांपासून थोड्या अंतरावर थांबत होती. कुणी पुढं जात नव्हतं. मेंढरं चरत माळभर पसरली होती, त्यांच्या पाठींवर ऊन होतं, आणि वेरूळला जन्मलेलं कोकरू आईखाली ढुशा देत होतं. चतुराबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "ही का ती," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"आक्काबाई," ताई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना हाक कशी मारता?"

मंचावर तिला शब्द फुटला नव्हता. इथं पायाखाली माळ होता. ती चार पावलं पुढं गेली, तोंडाला हात लावला आणि तिनं हाक दिली. तिच्या आईनं तिला शिकवलेली, लांब, वर चढत जाणारी आणि शेवटी एकदम तुटणारी हाक. ती माळावरून पार पलीकडच्या टेकाडापर्यंत गेली.

सगळ्या मेंढरांनी मान वर केली. एक क्षण काहीच झालं नाही. मग सगळा माळ हलला. चहूकडून मेंढरं वळली, आधी चालत, मग पळत, धुरळा उडवत तिच्याकडं आली आणि तिच्याभोवती दाटून उभी राहिली. ती कमरेपर्यंत मेंढरांत बुडाली होती. बघणाऱ्यांपैकी कुणी टाळी वाजवली नाही. रिक्षावाल्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मला हे जमणार नाही," ताई हळूच म्हणाल्या. "एवढं लांब ऐकू जाईल असं."

दिवस कलला तशी माणसं उतरायला लागली. जाताना प्रत्येकजण मुंजाबाला आणि आक्काबाईला आपलं नाव आणि गाव सांगून जात होता, जणू ते सांगितल्याशिवाय जाणं बरं नव्हतं. रामकिसनला शेवटची एसटी गाठायची होती. तो टेंपोत चढला.

मेंढरं वाघरीत गेली. आक्काबाईनं चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. मुंजाबा समोर येऊन बसला.

"ती सगळी माणसं," तो म्हणाला, "आपलं नाव ऐकून व्हती?"

"व्हय."

"माझं बी?"

"तुमचं बी."

मुंजाबानं हातातली काठी शेजारी ठेवली. "अजून कोण कोण आलं व्हतं? समदी सांग."

तिनं परतूरच्या कारभारींपासून सुरुवात केली. भाकरी थापता थापता ती एकेक नाव, एकेक गाव सांगत गेली, कुणाचं तोंड कसं होतं, कोण काय म्हणालं. पहिली भाकरी मुंजाबाच्या ताटात गार झाली तरी त्यानं तिला हात लावला नव्हता.